तुन मास्तरांचा मेव्हणा

“…आणि विचारलंच नाही, तर त्यांना कळणार कसं, की इथं कुणाला तरी त्यांची काळजी आहे?”

मृणाल गजभियेचा हा प्रश्न सकाळपासून अनेकदा विचारून झाला होता. भन्ते उपसेन आपल्या चीवराला ठिगळ लावत बसले होते. सुईत दोरा ओवून होईपर्यंत त्यांनी मान वर केली नाही.

“आवाज चांगला आहे तुमचा, मॅडम,” ते म्हणाले. “जरा मोठा आहे, बस.”

मृणालने आवाज खाली आणला. राग मात्र होता तिथेच राहिला.

विहार वैनगंगेच्या बाजूला, तालुक्याच्या गावाबाहेर. पत्र्याचं छप्पर, पुढे ओसरी, मागे काही खोल्या. त्या खोल्यांत सीमेपलीकडून जीव घेऊन पळालेली माणसं राहत. कुणी थोडे दिवस टेकत, कुणी वर्ष काढत. त्यांना इथला पत्ता कोण देतं, हे भन्त्यांनी कधी विचारलं नव्हतं.

भन्ते कुणालाच काही विचारत नसत. मृणालची तक्रार तीच होती.

आमच्या भागात माणूस दिसला की पहिला प्रश्न, ‘जेवला का?’ उत्तर कुणाला नको असतं, पण विचारल्याशिवाय राहवत नाही. भन्त्यांनी तोही प्रश्न सोडून दिला होता. तुन मास्तरांसमोर ताट ठेवायचं आणि म्हणायचं, “भात आहे.” उठायचं झालं तर आधी सांगायचं, “मी उठून राहिलो.” मागून जायचं झालं तर, “मी मांगून जाऊन राहिलो, पाण्याच्या माठाकडे.” नवख्या माणसाला वाटे, म्हातारा स्वतःशी बडबडतो.

तुन मास्तर पूर्वेच्या सीमेपलीकडे, डोंगरातल्या एका खेड्यात लहान पोरांना अक्षरं शिकवत. मग एक दिवस वर्दीतली माणसं आली आणि त्यांना घेऊन गेली. कोठडीत पुढे काय झालं ते त्यांनी इथं कुणाला सांगितलं नव्हतं. त्यांच्या बोटांना नखं नव्हती आणि पावलं जमिनीवर सरळ टेकत नव्हती, एवढं न सांगता दिसत होतं.

आले तेव्हा ते ओसरीवर भिंतीला पाठ लावून बसल्या बसल्या झोपत. आता आडवे होऊ लागले होते. मागच्या वाफ्यातल्या वांग्यांना पाणी घालत होते. परवा भन्त्यांच्या बोटात सुई घुसली आणि भन्ते लहान पोरासारखे ओरडले, तेव्हा मास्तर हसल्याचं न्वेबाईने पाहिलं होतं.

न्वेबाई त्यांच्याच मुलखातली. बऱ्याच वर्षांपूर्वी अशीच पळून आली होती, आणि आता विहारातला स्वयंपाक बघून गावच्या बाजारात भाजी विकत होती. मराठी ती बाजारातच शिकली. मास्तरांचं बोलणं कुणाला समजून घ्यायचं असेल तर मधे तीच लागे.

मृणालला नागपूरच्या एका संस्थेने पाठवलं होतं. मुंबईत समाजकार्य शिकलेली, छळ सोसलेल्या माणसांशी कसं वागावं याचं वेगळं शिक्षण घेतलेली. पोरगी हुशार होती. आपण हुशार आहोत हेही तिला माहीत होतं, आणि ते जरा जास्तच माहीत होतं.

“भन्तेजी, महिनाअखेर दिल्लीला त्यांची मुलाखत आहे. समोरचा साहेब विचारणार, तुमच्यावर काय गुदरलं ते सांगा. हे गप्प राहिले, तर निर्वासित म्हणून कागद मिळणार नाही. कागद नसला, तर उद्या कुणीही धरून परत सीमेवर नेऊन सोडेल. …कळतंय ना तुम्हाला?”

“कळून राहिलं.”

“मग?”

“तुमचं बरोबर आहे.”

“बरोबर आहे म्हणता, आणि ठिगळ लावत बसता!”

भन्त्यांनी दोरा दातांनी तोडला.

“बोलन तो. लागला आहे बोलाले… काल वांग्याशी बोलत होता.”

“वांग्याशी!”

“कुठून तरी सुरुवात होते न, मॅडम.”

मृणाल उठून गेली. तिचं चुकलं असं मला तरी म्हणवत नाही. भन्त्यांची घाईशी ओळख नव्हती, आणि दिल्लीची भन्त्यांशी ओळख नव्हती. मास्तर बिचारे या दोहोंच्या मधे सापडले होते.

दुसऱ्या दिवशी पलीकडच्या गावात कुणा वारलेल्याच्या जलदानाचा विधी होता. भन्ते सकाळीच निघाले. ओसरीवर थांबून ते मास्तरांना म्हणाले, “मी जाऊन राहिलो. दिवस बुडायच्या आधी येतो.” न्वेबाईने ते त्यांच्या बोलीत सांगितलं. मास्तरांनी मान हलवली.

भन्ते दिसेनासे झाले आणि मृणालने ठरवलं, आज नाही तर कधीच नाही.

तिने सगळं नीट केलं. हे सांगायलाच हवं, कारण पुढे लोक तिलाच बोल लावत राहिले. खोलीचं दार तिने सताड उघडं ठेवलं. मास्तरांना दाराजवळची जागा दिली आणि स्वतः आत, खाली चटईवर बसली. वही बाहेर ठेवली, फोन बाहेर ठेवला. पाण्याचा तांब्या त्यांच्या हाताशी ठेवला. न्वेबाईला बजावलं, “मास्तर जे बोलतील तेच सांगायचं. मधे आपलं काही घालायचं नाही.”

न्वेबाई म्हणाली, “हो, ताई.”

मग मृणाल बोलली. हळू बोलली, मायेनं बोलली, आणि ती माया खोटी नव्हती.

“मास्तर, घाबरू नका. इथं तुम्हाला कुणी काही करणार नाही. किती दिवस मनात ठेवणार? एकदा बोला आणि मोकळे व्हा.”

न्वेबाईने ते सांगितलं.

मास्तरांनी मान वर केली. इतक्या दिवसांत त्यांनी मृणालच्या डोळ्यांत पहिल्यांदाच पाहिलं. मग हलक्या आवाजात त्यांनी काही विचारलं.

“तो इचारते,” न्वेबाई म्हणाली, “खरंच का?”

“खरंच,” मृणाल म्हणाली. “माझा शब्द आहे.”

मास्तर ताठ बसले. दोन्ही हात गुडघ्यांवर ठेवले.

आणि बोलू लागले.

भन्ते मागच्या, नदीकडच्या वाटेनं परतले तेव्हा ऊन उतरलं होतं. पाय धुऊन ते ओसरीवर टेकतात न टेकतात तोच मृणाल समोर आली. तिचा चेहरा उजळला होता.

“बोलले!”

भन्त्यांनी पायांवरचं पाणी पुसलं.

“भन्तेजी, मास्तर बोलले! एवढे दिवस तुम्ही वाट बघत होतात ना? दुपारभर बोलले. सगळं.”

“सगळं?”

“सुरुवातीपासून शेवटापर्यंत.”

“रडला?”

“नाही. उलट एकदम शांत होते.”

“अडखळला कुठं?”

“कुठेच नाही.”

“पाणी पेला?”

“…नाही. हातच लावला नाही.”

भन्त्यांचा चेहरा उतरला. मृणालला ते दिसलं, पण तिला वाटलं, म्हाताऱ्याला जरा लागलं असेल. आपल्या पाठीमागे काम फत्ते झालं की मोठ्या मोठ्यांनाही लागतं.

“काय बोलला?”

“ते जरा अवघड आहे,” ती म्हणाली. “दिल्लीत सांगताना सांभाळून सांगावं लागेल. मास्तर फक्त मास्तर नव्हते, भन्तेजी. रात्री नदीतून बंदुका आणायचे. शाळेत लपवायचे. पुलाखाली सुरुंग त्यांनीच पेरला. सोबत कोण कोण होतं, सगळी नावं सांगितली. मेव्हण्याचं नावसुद्धा सांगितलं. बंदुका त्याच्याच घरी असायच्या म्हणे. स्वतःच्या मेव्हण्याचं नाव सांगताना काय वाटलं असेल हो त्यांना! पण सांगितलं. काहीही हातचं राखलं नाही.”

भन्ते आतल्या दाराकडे वळले.

“न्वेबाई,” त्यांनी हाक मारली.

न्वेबाई पदराला हात पुसत दारात आली.

“तुन मास्तरचा मेव्हणा… तू ओळखते त्याले?”

न्वेबाईने मृणालकडे पाहिलं, मग जमिनीकडे.

“मेव्हणा नाही त्याले, भन्तेजी.”

“म्हणजे?” मृणाल म्हणाली. “वारला का?”

“नाही, ताई. कधी होताच नाही. बहीण नाही त्याले. लगन बी नाही केलं. आईले एकच पोरगा… मेव्हणा कुठून आणन?”

“अगं, मग तू दुपारी बोलली का नाहीस?”

“तुम्ही म्हणाले, मधात आपलं घालू नको.”

मागे चुलीवर भात शिजत होता, त्याचा वास येत होता.

मृणाल खाली बसली.

“ते खोटं का बोलतील?” ती म्हणाली. “माझ्याशी? मी तर…”

भन्त्यांनी न्वेबाईलाच विचारलं. विचारणं त्यांना जड जात होतं.

“त्यानं बोलायच्या आधी मॅडमनं काय म्हटलं होतं?”

“म्हणाले, भिऊ नको. कोणी मारणार नाही.”

“आणखी?”

“म्हणाले, बोल आणि मोकळा हो.”

“थे तू आपल्या बोलीत कसं सांगितलं?”

न्वेबाईने ते शब्द आधी आपल्या बोलीत म्हणून पाहिले. मग मराठीत आणले.

“बोल, म्हणजे सोडून देतील.”

“मी असं नव्हते म्हणाले!” मृणाल जवळजवळ ओरडली. “मी म्हणाले मोकळे व्हा! म्हणजे मन… मन हलकं करा, असं…”

“मोकळा म्हणजे सुटलेला न, ताई?” न्वेबाई घाबरून गेली. “बाजारात म्हणतात, बैल मोकळा सोडला. कोर्टातून माणूस मोकळा सुटला म्हणतात. मले तेवढंच येते… चुकलं का माह्यं?”

“नाही, माय,” भन्ते म्हणाले. “तू बरोबर सांगितलं.”

मृणालने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. आता तिला सगळंच कळलं. ताठ पाठ, गुडघ्यांवरचे हात, न अडखळता आलेली नावं. हे सगळं मास्तरांनी आधी कुठंतरी अनेकदा म्हणून दाखवलेलं होतं. ऐकणाऱ्यांना जे हवं होतं ते. आणि त्या वर्दीवाल्यांनीही आधी पाणी पुढे केलं असेल, ‘घाबरू नको’ म्हटलं असेल. कदाचित तेही हळू आवाजात बोलले असतील.

“कुठं आहे तो?” भन्त्यांनी विचारलं.

“रस्त्याकडे,” न्वेबाई म्हणाली. “बोलणं झाल्यापासून तिथंच उभा आहे. जेवाले या म्हटलं, आला नाही.”

विहाराच्या आवाराला कुंपण नव्हतं. रस्त्याकडे विटांचे दोन खांब होते. फाटक बसवायचं म्हणून कुणीतरी कधीकाळी बांधले होते, फाटक काही आलं नाही. शेळ्यासुद्धा हव्या तिथून आत येत आणि हव्या तिथून बाहेर जात.

त्या खांबांच्या अलीकडे तुन मास्तर उभे होते. पायाशी गाठोडं होतं. त्यांचा चेहरा रस्त्याकडे होता. समोर अडवायला काहीच नव्हतं आणि ते सोडण्याची वाट बघत उभे होते.

मृणाल धावली.

“मास्तर! कुठं निघालात? थांबा!”

मास्तर वळले. तिला पाहून ते खांबाकडे तोंड करून उभे राहिले, आणि दोन्ही हात पाठीमागे नेऊन त्यांनी मनगटावर मनगट ठेवलं.

मृणाल जागच्या जागी थिजली. कुणाला आपली अशी भीती वाटू शकते, हे तिने आयुष्यात पाहिलं नव्हतं. बघवेना, आणि नजरही वळवता येईना.

मागून भन्त्यांचा आवाज आला.

“मी येऊन राहिलो. डाव्या बाजूनं… आता बसून राहिलो.”

ते मास्तरांपासून दूर, धुळीतच बसले. मनगटं तशीच राहिली.

“भन्तेजी, तुम्ही सांगा ना त्यांना,” मृणाल म्हणाली. “तुमचं ऐकतील. सांगा की गैरसमज झाला. शब्द चुकला. असं काही नाहीये.”

“तू शब्द दिला होता न?”

ते पहिल्यांदाच तिला ‘तू’ म्हणाले. तिच्या ते लक्षातही आलं नाही.

“दिला होता, पण या अर्थानं नाही!”

“त्यानं कोणत्या अर्थानं घेतला?”

मृणालने मास्तरांच्या मनगटांकडे पाहिलं.

“बोलला थो. त्याचं काम झालं. आता सोड त्याले.”

“सोड? अहो, ते जातील कुठं? भाषा येत नाही, कागद नाही, पायांनी धड चालता येत नाही. दिल्लीची तारीख हातची जाईल. वाटेत पोलिसांनी धरलं, तर परत पाठवतील. परत तिथंच! तुम्हाला कळतंय का तुम्ही काय सांगताय?”

“हो.”

“आणि तरी सांगताय?”

“हो.”

“आपण समजावू ना त्यांना. शांतपणे. रात्रभर समजावू.”

“समजाव. पण आधी सोड.” भन्ते मान खाली घालून बोलत होते. “हात मांगं घेतलेल्या माणसाले लई लोकायनं समजावलं, पोरी. तुह्याच भल्यासाठी सांगून राहिलो म्हणत समजावलं.”

मृणाल रडू लागली. आवाज न करता रडत होती, कारण आवाज केला तर मास्तर दचकतील, हे एवढ्यातही तिला सुचलं.

“त्यायनंबी शब्द दिला होता त्याले,” भन्ते म्हणाले. “एकदा नाही. दर वेळेस. बोल, सोडतो… आणि हा दर वेळेस बोलला. कोणीच सोडलं नाही.”

दूर नदीकडून कुणीतरी म्हशींना हाकारत होतं.

मृणालने डोळे पुसले. तिला एकच दिसत होतं, की धरून ठेवावं तर ती त्यांच्यातलीच एक होते, आणि सोडावं तर माणूस जातो.

“न्वेबाई,” ती म्हणाली, “त्यांना सांग… तुम्ही जाऊ शकता.”

न्वेबाईने सांगितलं.

मास्तर हलले नाहीत.

“पुन्हा सांग. म्हणावं, मी शब्द दिला होता. मी सोडलं.”

न्वेबाईने पुन्हा सांगितलं.

मास्तरांनी मान वळवून खांद्यावरून पाहिलं. आधी मृणालच्या चेहऱ्याकडे, मग तिच्या हातांकडे. मृणालने हात उघडून दाखवले. मग त्यांनी सावकाश आपली मनगटं सोडवली, गाठोडं उचललं, आणि मृणालला कमरेत वाकून नमस्कार केला.

तो नमस्कार तिला कुठल्याही शिवीपेक्षा जास्त लागला.

मास्तर खांबांमधून बाहेर पडले. पहिली काही पावलं अगदी हळू टाकली, मान खांद्यांत ओढून. पाठीत काहीतरी येणार याची खात्री असलेला माणूस तसाच चालतो. भन्ते धुळीत बसल्या बसल्या मोठ्यानं म्हणाले, “कोणी उठलं नाही! कोणी मांगं येऊन नाही राहिलं!” न्वेबाईने ते ओरडून सांगितलं.

रस्ता बाभळींकडे वळतो तिथं मास्तर थांबले. मागे पाहिलं. मग धावत सुटले. त्या पावलांना धावणं झेपणारं नव्हतं. दोनदा तोल गेला, तरी धावले. बाभळींआड जाईपर्यंत ते दिसत होते, नंतर नुसता रस्ता दिसत राहिला.

न्वेबाई रडत रडत आत गेली. चुलीवरचा भात लागला होता.

मृणाल खांबाला टेकून उभी राहिली. अंधार पडू लागला. भन्ते उठले नाहीत. म्हातारा माणूस, घातलेल्या मांडीवर हात ठेवून रस्त्याकडे बघत होता. त्याचेही डोळे भरले होते आणि ते पुसायचं त्याच्या लक्षात नव्हतं.

“भन्तेजी…”

“हं.”

“परत येतील ना ते?”

भन्ते रस्त्याकडेच बघत राहिले.

“सांगा ना. तुम्ही ओळखता त्यांना. एवढे दिवस तुमच्याजवळ होते, तुमच्या हातून जेवले. कळेल ना त्यांना, की इथं खरंच कुणी धरून ठेवत नाही? आज नाही, उद्या. …येतील ना?”

“…”

“असे गप्प नका बसू हो. मला सहन होत नाहीये. काहीतरी बोला. येतील की नाही, एवढंच सांगा!”

भन्त्यांनी तिच्याकडे पाहिलं. त्या नजरेत राग नव्हता.

“तुले काय ऐकाचं आहे थे सांग, पोरी,” ते म्हणाले. “…थेच सांगतो.”